कपाट घेतलं, पुरचुंडी नाही

शालोम. ज्यांच्या नजरेतून प्रश्न सुटला असेल त्यांच्यासाठी आधी तो थोडक्यात सांगतो. पुण्याच्या एका गृहस्थांनी जुनं सागवानी कपाट विकत घेतलं. घरी आणून पुसायला काढलं तर सर्वांत खालच्या खणाच्या मागे, फळीला चिकटून, गाठ मारलेली सुती कापडाची पुरचुंडी निघाली. आत दोन पाटल्या आणि चांदीचे काही जुने रुपये. त्यांचा एक मित्र म्हणाला, ‘ज्यू लोकांच्या कायद्यात लिहिलंय, विकत घेतलेल्या मालात पैसे निघाले तर ते घेणाऱ्याचे.’ दुसरा म्हणाला, ‘दहा आज्ञांमध्ये चोरी करू नकोस असं आहे, विषय संपला.’ आता हे गृहस्थ विचारतायत की यातलं खरं काय, आणि दुसऱ्याच्या वस्तूबद्दल ज्यू धर्मग्रंथ मुळात सांगतात तरी काय.

मी उत्तर द्यायला बसलो कारण हे दोन्ही बाजूंनी माझ्या घरचं काम आहे. मी बेने इस्राएली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. ठाण्यात गेली अडतीस वर्षं जुनं लाकडी सामान दुरुस्त करणं, पॉलिश करणं हा माझा धंदा. आणि वीसेक वर्षं शनिवारी दुपारी आमच्या चार मंडळींना मिश्ना मराठीतून समजावून सांगतो. मी रब्बी, म्हणजे धर्मगुरू, नाही, त्यामुळे हा निवाडा नाही. पण जुन्या कपाटांच्या मागे काय काय निघतं, ते मी तुमच्यापेक्षा जास्त पाहिलंय.

तुमच्या दोन्ही मित्रांकडे अर्धं अर्धं आहे. पहिल्याने सांगितलेलं वाक्य खरंच आहे. मिश्ना म्हणजे इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेला तोंडी परंपरेचा ग्रंथ. त्यातल्या ‘बावा मेत्सिया’ या भागाचा दुसरा अध्याय सगळा सापडलेल्या वस्तूंवर आहे. तिथे म्हटलंय की एखाद्याने दुसऱ्याकडून धान्य विकत घेतलं आणि त्यात नाणी सापडली, तर ती त्याची. मित्र इथे थांबला. पुढचं वाक्य असं आहे: नाणी गाठ मारून बांधलेली असतील, तर उचलायची आणि जाहीर करायचं. तुमच्या पुरचुंडीला गाठ होती, हे तुम्ही स्वतःच लिहिलंत.

गाठीला एवढं महत्त्व का, हे आधी समजून घ्या, कारण सगळा अध्याय त्याच्यावर फिरतो. विखुरलेली नाणी, विखुरलेलं धान्य, सुताराच्या दुकानात पडलेले खिळे, यांवर कुणाच्या हाताची खूण नसते. मालक आला तरी ‘हे माझंच’ हे पटवणार कसं? म्हणून त्याने मनातून त्यावर पाणी सोडलं असं धरतात. हिब्रूत त्याला ‘येऊश’ म्हणतात, म्हणजे आशा सोडणं. पण तीन नाणी एकावर एक रचलेली दिसली तर ती आपली नाहीत, कारण पडलेली नाणी अशी उतरंड लावून पडत नाहीत. कुणीतरी ठेवली. पिशवीत पैसे, भांड्यात फळं, तसंच. गाठ ही तर त्याहून पुढची गोष्ट. प्रत्येक बाईची गाठ मारायची तऱ्हा वेगळी असते. माझी आई पदराला मारायची ती गाठ मी आजही शंभरातून ओळखेन. गाठ आहे म्हणजे इथे कुणीतरी विचार करून ठेवलंय, आणि ज्याने ठेवलं त्याला ते ओळखता येईल.

आता मित्राच्या वाक्याचा पहिला भाग पाहू. त्यावर तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या वादविवादांच्या मोठ्या ग्रंथात, चर्चा आहे की हे कुणाकडून घेतलेल्या धान्याबद्दल बोलणं चाललंय. उत्तर: व्यापाऱ्याकडून घेतलं असेल तरच हे लागू. व्यापारी दहा शेतकऱ्यांचा माल एकत्र करतो, ती नाणी कुणाची ते आता कुणीच सांगू शकत नाही. पण घरधन्याकडून, म्हणजे ज्याच्या शेतात ते पिकलं त्याच्याकडूनच घेतलं असेल, तर परत करायला बांधील आहात. इथे राव नहमान नावाचा पंडित मध्येच विचारतो, ‘का हो, घरधन्याने स्वतः मळणी केली होती का?’ मला हा प्रश्न फार आवडतो. मजुरांनी मळणी केली असेल, तर नाणी एखाद्या मजुराच्या कमरेची सुटून पडलेली असू शकतात. म्हणजे ‘ज्याचं शेत त्याचे पैसे’ हेही डोळे झाकून धरायचं नाही. त्या धान्याला कुणाकुणाचे हात लागले ते बघा.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही न लिहिलेल्या एका गोष्टीवर अवलंबून आहे. कपाट कुणाकडून घेतलंत? इमारत पाडायला काढली म्हणून घर रिकामं करणाऱ्या कुटुंबाकडून, की जुन्या बाजारातल्या व्यापाऱ्याकडून? आणि कुटुंबाकडून घेतलं असेल, तर त्यांच्याकडे ते कुठून आलं? आजीच्या लग्नात आलेलं कपाट आणि दहा वर्षांपूर्वी त्यांनीच कुठूनतरी जुनं उचललेलं कपाट, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात पाटल्या त्या घरच्या. घरच्यांना त्या तिथे आहेत हे ठाऊक नसलं, खूण सांगता आली नाही, तरी त्या घरच्याच. दुसऱ्यात एक पायरी मागे जावं लागेल.

इथे लोक हमखास म्हणतात, ‘पण त्यांना माहीतच नाही ना! ज्याला माहीतच नाही त्याचं गेलं काय?’ हा युक्तिवाद नवा नाही. बाबिलोनमध्ये चौथ्या शतकात अबाये आणि रावा या दोन विद्वानांचा याच मुद्द्यावर गाजलेला वाद झाला. वस्तू हरवली आहे हेच मालकाला अजून कळलेलं नाही, पण कळलं असतं तर त्याने आशा सोडली असती. मग आत्ताच आशा सोडली असं धरायचं का? रावा म्हणाला, धरा. अबाये म्हणाला, नाही. ज्याला हरवल्याचं कळलंच नाही त्याने पाणी सोडलं कधी? या दोघांच्या शेकडो वादांत बहुतेक ठिकाणी निकाल रावाच्या बाजूने लागतो. फक्त सहा ठिकाणी तो अबायेच्या बाजूने आहे, आणि त्या सहांतलं पहिलं हेच. मालकाचं अज्ञान तुमच्या बाजूने मोजलं जात नाही.

इथवरचं सगळं कायद्याचं झालं. मूळ वचन तोरामध्ये, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाच्या पहिल्या पाच पुस्तकांत, ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकाच्या 22 व्या अध्यायात आहे. भावाचा बैल किंवा मेंढरू भरकटलेलं दिसलं तर नेऊन पोचव. भाऊ जवळपास राहत नसेल, किंवा तू त्याला ओळखत नसशील, तर आपल्या घरी ठेव, तो शोधत येईपर्यंत. गाढवाचं तसंच, वस्त्राचं तसंच, भावाच्या हरवलेल्या प्रत्येक वस्तूचं तसंच. आणि शेवटी दोन-तीन शब्द: ‘लो तुखल लेहितअलेम.’ भाषांतरात साधारणपणे ‘तू दुर्लक्ष करू नये’ असं येतं. शब्दशः मात्र ते ‘करू नये’ नाही, ‘तुला लपता येणार नाही’ असं आहे. मी वर्गात याला आपला मराठी शब्द वापरतो: तुला कानाडोळा करता येणार नाही. ‘निर्गम’ या दुसऱ्या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात तर शत्रूच्या बैलाबद्दलही हेच आहे, म्हणजे न आवडणाऱ्या माणसाची वस्तू हीही पळवाट नाही.

दुसऱ्या मित्राचं म्हणणं मी इथे आणून जोडतो. दहा आज्ञांतली ‘चोरी करू नकोस’ ही आज्ञा तालमूदने माणूस पळवण्याबद्दलची धरली आहे, कारण तिच्या शेजारी खून आणि व्यभिचार बसलेत. ते देहदंडाचे गुन्हे, मग हाही तसाच हवा. मालमत्तेच्या चोरीचं वचन ‘लेवीय’ या तिसऱ्या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात आहे, आणि ते अनेकवचनी आहे: चोरी करू नका, नाकारू नका, एकमेकांशी खोटं बोलू नका. लगेच पुढे, माझ्या नावाने खोटी शपथ घेऊ नका. अकराव्या शतकातला भाष्यकार राशी म्हणतो की हा क्रम उगाच नाही. चोरलंस तर उद्या नाकारशील, नाकारलंस तर खोटं बोलशील, आणि शेवटी शपथही घेशील. तुमच्या बाबतीत पहिली पायरी झालेलीच नाही. तुम्ही काही चोरलेलं नाही. पण सापडलेली वस्तू गप्प ठेवणारा माणूस थेट दुसऱ्या पायरीवर जाऊन उभा राहतो. उद्या त्या घरच्यांचा फोन आला, ‘कपाटात काही राहिलं नाही ना हो?’ तर तुम्ही काय म्हणाल, याचा विचार आजच करून ठेवा.

मी एकदा त्या पायरीवर उभा राहिलोय, म्हणून हे सांगतो.

पंचविशीत असेन. आमच्याकडे एक आरशाचं टेबल पॉलिशला आलं होतं, जुनं, दोन्ही बाजूंना छोटे खण असलेलं. डावा खण अडकत होता म्हणून मी तो पूर्ण बाहेर ओढला, तर मागच्या फटीत चांदीचा करंडा पडलेला. मी तो काढून आमच्या हत्यारांच्या खणात ठेवला. चोरायचं मनात नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. माल घ्यायला आले की देऊ, असं ठरवलं. माल न्यायला टेम्पोवाला आला. मी कामात होतो. करंडा राहिला. मग आज फोन करू, उद्या करू, असं चाललं. नंतर नंतर तर तो खण उघडला की मी त्या कोपऱ्याकडे बघायचोच नाही. बघायचं नाही हे मी शिकलो. दीड-दोन वर्षांनी त्याच घरातून खुर्च्यांचं काम आलं, आणि मला करंडा घेऊन जावंच लागलं. बाईंनी तो हातात घेतला आणि बराच वेळ काही बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, ‘यावरून मी आमच्या कामवालीला काढलं हो.’

ती कामवाली कुठे गेली ते त्यांना माहीत नव्हतं. मी चौकशी केली, बऱ्यापैकी केली. नाही सापडली.

मिश्नात म्हटलंय की पैभर किमतीची वस्तूही लुबाडून वर खोटी शपथ घेतली असेल, तर ती मालकामागे पार दूरच्या मादाय देशापर्यंत घेऊन जावी लागते. पाठवून दिली, भेटल्यावर देऊ, हे चालत नाही. मूळ रकमेवर पाचवा हिस्साही द्यायचा. आणि किप्पूरच्या दिवशी, आमच्या प्रायश्चित्ताच्या उपासाला, देव आणि माणूस यांच्यातले अपराध फिटतात. माणसा-माणसांतले मात्र समोरच्याची समजूत काढेपर्यंत फिटत नाहीत. मी तर शपथही घेतली नव्हती, आणि करंडा ज्याचा त्याला पोचलासुद्धा. तरी मला ज्या घरी जायचं होतं, तो पत्ता मला मिळालाच नाही. तेव्हापासून हरवलेल्या वस्तूबद्दल मी वेगळा विचार करतो. घरातली सोन्याची वस्तू नुसती हरवत नाही. कुणावर तरी आळ येतो. सुनेवर येतो, भाड्याने राहणाऱ्या पोरावर येतो, धुणंभांडी करणारीवर येतो. तुमच्या त्या दोन पाटल्यांवरून कोणाच्या घरात कोणाशी किती वर्षं अबोला असेल, ते ती पुरचुंडी सांगत नाही.

आता समजा तुम्ही कपाट व्यापाऱ्याकडून घेतलंत, आणि त्याला ते कुठल्या वाड्यातून आलं हे खरंच आठवत नाही. मग कायद्याने तुमची बाजू बरीच भक्कम होते. गाठीमुळे जाहीर करायचं बंधन उरतं. ते प्रामाणिकपणे पाळून कुणी आलं नाही, तर तुमच्याकडे बोट दाखवणं अवघड. जुन्या भिंतीत सापडलेलं धन सापडणाऱ्याचं, असंही मिश्नात आहे. कारण काय, तर ते प्राचीन अमोरी लोकांनी ठेवलं असेल. आपल्याकडे कसं ‘पेशवाईतलं असेल’ म्हणून सोडून देतात, तसं.

पण या जागी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शिमोन बेन शेतख हा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला मोठा पंडित, यरुशलेमचा. पोटासाठी तागाचा धंदा करायचा. शिष्यांना त्याचे कष्ट बघवेनात, म्हणून त्यांनी एका परक्या अरबाकडून त्याच्यासाठी गाढव विकत आणलं. गाढवाच्या गळ्यात एक रत्न लटकलेलं निघालं. शिष्य खूश: गुरुजी, आता काम करायची गरज नाही! शिमोनने विचारलं, ‘मालकाला माहीत आहे?’ नाही. ‘मग जा, परत करा. मी गाढव विकत घेतलं, रत्न नाही.’

ही गोष्ट मुलांना सांगताना जो भाग गाळतात, तो मी सांगतो. शिष्यांनी वाद घातला होता, आणि कायद्याच्या अक्षराने त्यांचं बरोबर होतं. तोरात ‘भावाची’ हरवलेली वस्तू म्हटलंय, आणि जुन्या पंडितांनी त्याचा अर्थ आपल्या समाजापुरता घेतला होता. परक्याला लुबाडणं किंवा फसवणं मना, पण त्याचं हरवलेलं शोधून परत करण्याची सक्ती नाही, असं. हे आज ऐकायला बरं वाटत नाही, पण ग्रंथात आहे ते आहे. शिमोनने त्यावर उत्तर दिलं: मी काय रानटी आहे? त्या परक्याच्या तोंडून ‘ज्यूंचा देव धन्य’ हे शब्द ऐकणं मला जगातल्या सगळ्या कमाईपेक्षा मोलाचं आहे. म्हणजे कायद्याने दिलेली सूट त्याने समजून-उमजून बाजूला ठेवली. पुढच्या परंपरेने गोष्ट जपली ती त्याची. शिष्यांचा मुद्दा बरोबर असून मागे पडला.

तुम्ही ज्यू नाही, मग हे तुम्हाला लागू कसं, असंही कुणीतरी विचारेल. आमच्या परंपरेत नोहाच्या सर्व वंशजांना, म्हणजे अख्ख्या मानवजातीला, सात नियम सांगितलेत आणि चोरी न करणं त्यांत आहे. सापडलेल्या वस्तूंचा हा सगळा बारीक तपशील तुमच्यावर बंधनकारक नाही. तुमच्यावर भारताचा कायदा बंधनकारक आहे. 1872 च्या करार कायद्याचं 71 वं कलम सांगतं की दुसऱ्याची वस्तू सापडून ती ताब्यात घेणाऱ्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्यासारखीच असते. प्रकरण मोठं असेल तर वकिलाला विचारा, मी सुतार माणूस.

दुसऱ्याच्या वस्तूबद्दल एकूण काय शिकवण आहे, हा तुमचा दुसरा प्रश्न. सगळं सांगायचं तर रात्र पुरणार नाही, दोन-तीन गोष्टी सांगतो. लपून चोरणाऱ्याला दुप्पट भरपाई, पण उघड दिवसाढवळ्या लुटणाऱ्याला फक्त घेतलं तेवढंच परत. उलटं वाटतं ना? शिष्यांनी राब्बान योहानान बेन जक्काईला हेच विचारलं. तो म्हणाला, लुटारू निदान देव आणि माणूस दोघांनाही सारखाच भीत नाही. चोर माणसांना भितो, म्हणून रात्री येतो, आणि देवाला तेवढंही भीत नाही. मागच्या फळीला चिकटलेल्या पुरचुंडीबाबत हे लागू आहे, कारण तिथे बघणारं कुणीच नसतं.

दुसरी गोष्ट दाराची. अनुवादच्या 24 व्या अध्यायात म्हटलंय की कर्ज दिलंस तर तारण घ्यायला कर्जदाराच्या घरात शिरू नकोस. बाहेर उभा राहा, तो माणूस आपण होऊन तारण बाहेर आणेल. जात्याची तळी तारण घेऊ नकोस, ते त्याचं पोट आहे. गरिबाने पांघरूण तारण ठेवलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत दे, नाहीतर तो निजेल कशात? पैसे धनकोचेच आहेत, हक्क त्याचाच आहे, तरी त्याचा पाय उंबऱ्याबाहेर. आयुष्यभर लोकांच्या घरांना दारं बसवताना मला हे वचन पुष्कळदा आठवलंय.

तिसरी मापाची. आम्ही कोकणातले शनिवार तेली. अलिबागच्या बाजूला आमच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता, शनिवारी बंद. मिश्नात नियम आहे की तेल विकणाऱ्याने माप ओतून झाल्यावर आणखी तीन थेंब निथळू द्यायचे, कारण ते थेंबही गिऱ्हाइकाचेच आहेत. दुकानदाराला गर्दीमुळे त्यातून सूट आहे, पण त्याने आठवड्यातून दोनदा मापं पुसायची आणि तराजू तर प्रत्येक वजनाआधी पुसायचा. रब्बी येहूदा म्हणतो की शुक्रवारी तिन्हीसांजेला थेंब निथळवायला थांबण्यातून मोकळीक, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, उंबऱ्यावर आलेला असतो. आजोबांनी मिश्ना कधी पाहिली नव्हती. आमच्या लोकांकडे शेमा ही प्रार्थना, शब्बाथ आणि सुंता टिकली, ग्रंथ फार उशिरा आले. पण बाबा सांगायचे, आजोबा मापटं गिऱ्हाइकाच्या बाटलीवर उपडं धरून उभे राहायचे आणि गिऱ्हाईकच म्हणायचं, पुरे हो आता. शुक्रवारी संध्याकाळी तेवढे घाई करायचे. मी पहिल्यांदा ते रब्बी येहूदाचं वाक्य वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो. आणि खोटं माप नुसतं घरात ठेवणंही मना आहे. तालमूदमध्ये स्पष्ट लिहिलंय, रात्री लघवीचं भांडं म्हणून वापरायला असलं तरीही नको. घरात असलं की कधीतरी कुणीतरी त्याने मोजेल.

आता तुमच्या पुरचुंडीचं काय करायचं ते सांगतो. कपाट घरातून घेतलं असेल, तर त्या घरी फोन करा. काय सापडलं ते सांगू नका, ‘कपाटात काही राहून गेलं होतं का?’ एवढंच विचारा. जुन्या काळीही जाहीर करणारा फक्त ‘वस्त्र सापडलंय’ म्हणायचा, खुणा मालकाने सांगायच्या. ठक लोक वाढले तेव्हा तर खुणा सांगणाऱ्याचीही चौकशी व्हायची. ‘तो शोधत येईपर्यंत’ या वचनाचा त्यांनी अर्थ काढला की आधी त्या माणसालाच शोधून बघ, खरा आहे की लबाड. पण कपाट त्यांच्या घरचंच होतं हे नक्की असेल, तर खुणेवाचून अडवून धरू नका. आजी गेली, ती कुणाला बोलली नसेल. चारपैकी एकाच भावाच्या हातात गुपचूप ठेवू नका, सगळे असताना द्या, आणि दोन ओळी लिहून सही घ्या. ही शेवटची सूचना मिश्नातली नाही, धंद्यातली आहे.

व्यापाऱ्याकडून घेतलं असेल तर आधी त्याला विचारा, माल कुठून उचलला. तो ‘द्या मला, मी पोचवतो’ म्हणाला तर देऊ नका, पत्ता घ्या. पत्ता नसेल तर त्या भागात चार ठिकाणी सांगून ठेवा. किती दिवस थांबायचं? रब्बी मेईर म्हणतो, शेजारपाजाऱ्यांना कळेपर्यंत. रब्बी येहूदा म्हणतो, यरुशलेमच्या तीन यात्रांना जाहीर करा आणि शेवटचीनंतर आणखी सात दिवस थांबा: ऐकणाऱ्याला घरी जायला तीन दिवस, आपलंच गेलंय का ते बघून परत यायला तीन, आणि एक दिवस सांगायला. मला या हिशेबातला तो घरी जाऊन बघून येणारा माणूस फार खरा वाटतो. तुम्ही एखादी दिवाळी तरी जाऊ द्या.

तोवर वस्तू सांभाळायच्या कशा, हेही तिथे आहे. सापडलेली पोथी तीस दिवसांतून एकदा उघडायची, नाहीतर कसर लागते. वस्त्र झटकायचं, वाळवायचं, पण अंगावर घालून मिरवायचं नाही. चांदीची भांडी वापरली तरी चालतील, त्यांच्या भल्यापुरती. सोन्याला आणि काचेला मात्र एलियाहू संदेष्टा येईपर्यंत हात लावायचा नाही. सोनं वापरलं नाही तर बिघडत नाही, म्हणून ते तसंच ठेवायचं, संदेष्टा येऊन मालक कोण ते सांगेपर्यंत. आमच्या लोकांत एलियाहू हन्नाबी हा दूरचा कुणी नाही. अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या चाकांच्या खुणा खडकावर दाखवतात, आणि घरात काही चांगलं झालं की आम्ही पोह्यांचा मलिदा करून त्याचं नाव घेतो. त्यामुळे ‘एलियाहू येईपर्यंत’ हे आम्हाला ‘कधीच नाही’ असं ऐकू येत नाही.

पाटल्या घालून बघू नका, बायकोलाही देऊ नका. रुपये चिंचेने घासून लखलखीत करू नका. त्यांच्यावरचा काळा थर हीसुद्धा कुणाच्या तरी ओळखीची खूण असेल. कापड तेच राहू द्या, धुऊ नका. आणि फोन करायच्या आधी रुपये किती आहेत ते मोजून घ्या. संख्या हीसुद्धा खूण धरतात. आकडा कागदावर लिहा, पण तो कागद पुरचुंडीत ठेवू नका.